एदोतली थट्टा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

थोर विषयांची टवाळी करणं हा मोबाइलवाल्या पिढीचा रोग आहे, असं एका वाचकांनी याच सदरात लिहिलं आहे. तसं असेल तर जपानातल्या एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, ही साथ अठराव्या शतकातच आली होती. काष्ठठशांची चित्रं करणारा सुझुकी हारुनोबू तिचा मोठा रोगी.

चीनमधल्या श्याव आणि श्यांग नद्यांकाठचे आठ देखावे चित्रकारांनी शतकानुशतकं रंगवले : मठातली सांजघंटा, उतरणारे रानहंस, परतणारी शिडं, शरदाचा चंद्र वगैरे. हारुनोबूनं 1766च्या सुमारास हे आठही देखावे बायकांच्या खोलीत आणून बसवले. घंटेच्या जागी ठोके देणारं घड्याळ. न्हाऊन आलेली बाई मान वळवून त्याच्याकडे बघते आहे. कोतो या तंतुवाद्याच्या तारा पेलणाऱ्या, तिरक्या ओळीत मांडलेल्या घोड्या, ते रानहंस. दांडीवरचे पंचे वाऱ्यानं हलले की झाली शिडं! चंद्र म्हणजे अर्थात गोल आरसा. आणि रात्रीचा पाऊस? चहासाठी उकळणाऱ्या पाण्याचा आवाज. चित्रातून आवाज काढणारा हा इसम मला भारी वाटतो. मूळ देखावे ज्याला पाठ नाहीत, त्याला यात नुसता संसार दिसेल.

बोधिधर्मालाही त्यानं सोडलं नाही. आपल्या दक्षिणेतून चीनला गेलेला, लव्हाळ्याच्या काडीवर उभा राहून पाणी ओलांडणारा तो बौद्ध तपस्वी. हारुनोबूनं त्या काडीवर तरुणी उभी केली.

पुढे 1854 मध्ये आठवा इचिकावा दांजुरो हा लाडका नट गेला, तेव्हा काही स्मृतिचित्रांत त्याला महापरिनिर्वाणातल्या बुद्धासारखं निजवलं आणि भोवती धाय मोकलून रडणाऱ्या बायका दाखवल्या. मला हसू फुटलं. पण त्यानंतर शाळेची सहल घेऊन अजिंठ्याला गेलो, तेव्हा 26 क्रमांकाच्या लेण्यात निजलेल्या मूर्तीखालच्या शोकमग्न शिष्यांकडे मी प्रथमच एकेक करून पाहिलं. त्याआधी मुलांना मूर्तीची लांबी तेवढी सांगत असे.

पुरवणीत जपान म्हटलं की होकुसाई या चित्रकाराची लाटच येते. पुढच्या वेळी घड्याळाकडे बघणारी ती बाई छापा, मात्र रंगीत पानावर. 1765 पासून बहुरंगी ठसे रुळले त्यात हारुनोबूचाच मोठा हात होता. काळ्या-पांढऱ्यात त्याची मजा जाईल.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षक, भुसावळ