घर घेतलं आहे, रागावू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून लिहिते आहे. अमेरिकेतलं, व्हरमाँटमधलं हे भाड्याचं घर आम्ही विकत घेतलं, सह्याही झाल्या. म्हणजे कोल्हापूरला कायमचं परतायचं चाललं होतं, ते आता नाही. दिवाळीला मात्र नक्की येतोय. समीरची नोकरी इथे पक्की झाली, चिमूही शाळेत रुळली. आणि पुण्यात राहिले असते तरी तुमच्याकडे दोन महिन्यांनीच आले असते, असं मी स्वतःला समजावते. पटत नाही, तरी समजावते.

बाबा, थंडीची काळजी नको. जानेवारीत पारा उणे पंचवीसपर्यंत उतरतो खरा, पण घरात आम्ही बिनस्वेटरचे वावरतो. लाकडाची शेगडी आहे. लाकडं आदल्या वर्षीच फोडून रचायची, ओली असली की नुसता धूर. गाडीला बर्फाची टायरं नोव्हेंबरातच लावतो. आई, तुझी गोधडी चिमू कुणाला हात लावू देत नाही.

खरा वैताग मार्च-एप्रिलचा. वरची माती वितळते, खालची गोठलेलीच, पाणी मुरणार कुठे? कच्च्या रस्त्यात गाड्या रुतून बसतात. पण मॅपलचा रस निघतो तोही याच सुमाराला. रात्री गोठलं आणि दिवसा वितळलं, तरच झाड पाझरतं. साधारण चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर पाक. शेजारच्या आजोबांच्या शेडमध्ये पसरट कढया रात्री उशिरापर्यंत उकळतात. त्या वाफेत उभी राहिले आणि थेट आपल्या गुऱ्हाळात पोचले. बाबा, तुम्ही गरम काकवीची वाटी हातात द्यायचात आणि ‘आईला सांगू नकोस’ म्हणायचात. आई, तुला ठाऊक होतं ना गं?

तुम्ही यायचं ते सप्टेंबरच्या शेवटी. डोंगरच्या डोंगर लाल-केशरी होतात, आणि थंडी बाबांच्या गुडघ्यांना सोसेल इतपतच असते. मे-जूनमध्ये नको, बारीक काळ्या माश्या चावून हैराण करतात. मुंबईपासूनच व्हीलचेअर सांगून ठेवू. बाबा, त्यात कमीपणा कसला?

आता नीट ऐका. टाकी बघायला गच्चीवर चढायचं नाही, प्लंबरला बोलवायचं. आई, डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय आणि तू बाबांना रोज लोणचं वाढतेस, ताईने सगळं सांगितलंय मला. न्हाणीघरात धरायला दांडा याच आठवड्यात बसवा आणि फोटो पाठवा. मी रागावत नाहीये, पण फोटो पाठवाच. बाबांचा पासपोर्ट कपाटात वरच्या खणात, पिवळ्या पिशवीत आहे. त्याची मुदत बघून कळवा.

तुमची,
मनू