सही करण्याआधी

मंगळवार पेठ, कोल्हापूर

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा आता काठी घेऊन खोलीभर चालतात असं दादा म्हणाला. ऐकून जीव भांड्यात पडला. आई, तू पथ्य सांभाळण्याच्या नादात स्वतःचं जेवण टाळू नकोस. इथली काळजी नको. परड्यातल्या शेवग्याला शेंगा लागल्यात, शेजारच्या काकू नेतात.

पत्र लिहायचं कारण तुम्हाला ठाऊकच आहे. आपलं हे घर पाडून नवं बांधायचा बिल्डरचा करारनामा काका ठेवून गेलेत. फोनवर बाबा आधी म्हणाले, "तू त्यातलीच आहेस, तूच सांग काय करायचं." आणि पाठोपाठ म्हणाले, "पण तुझं ऐकलं तर हे घर कधीच पाडता यायचं नाही." दोन्ही वाक्यं मनात घोळत राहिली. पहिल्याचं उत्तर द्यायचं तर आधी दुसऱ्याचं द्यायला हवं, आणि ते फोनवर जमणार नाही.

माझं शिक्षण आर्किटेक्चरचं, पण मी घरं बांधत नाही. बांधलेल्या घरांचा इतिहास बघते, हे तुम्हाला माहीत आहे. अमेरिकेत ज्या कंपनीत होते तिथे या कामाला कल्चरल रिसोर्सेस मॅनेजमेंट म्हणत. त्यामागे एक कायदा आहे. न्यूयॉर्कचं पेन स्टेशन हे भलंमोठं देखणं रेल्वे स्टेशन १९६३ साली पाडायला घेतलं. त्याच काळात तिकडे मोठमोठे हायवे शहरांच्या जुन्या वस्त्यांमधून नेले जात होते. त्यावर लोक चिडले आणि १९६६ साली नॅशनल हिस्टॉरिक प्रिझर्वेशन ॲक्ट आला. त्यातलं कलम १०६ म्हणजे माझी रोजीरोटी. केंद्र सरकारचा पैसा, परवाना किंवा जमीन ज्या कामात आहे, ते काम करण्याआधी त्याचा जुन्या वास्तूंवर काय परिणाम होईल ते तपासायचं आणि संबंधितांशी बोलायचं, एवढंच ते कलम सांगतं. रस्ता रुंद करायचा असो, मोबाइलचा टॉवर असो, नदीवरचा पूल असो.

मग आमची माणसं जागेवर जायची. जमिनीखालचं पुरातत्त्ववाल्यांनी बघायचं आणि जमिनीवर उभं आहे ते मी. साधारण पन्नास वर्षांपलीकडची प्रत्येक इमारत बघायची, मग ती शेतकऱ्याचं घर असो, गुरांचा गोठा असो की पेट्रोल पंप. सुंदर आहे का, हा प्रश्न फार पुढचा. कुणी बांधली, कशासाठी, कशाची, नंतर काय बदललं, आणि आज तिच्याकडे बघून त्या काळातलं काय कळतं, हे आधी. फोटो काढायचे, मापं घ्यायची, कचेरीत जाऊन जुने नकाशे आणि जमिनीचे दस्त चाळायचे, आणि मग ही इमारत ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय नोंदवहीत जाण्याच्या योग्यतेची आहे किंवा नाही, असं कारणांसकट लिहून द्यायचं. बाबा, यातली बरीचशी घरं 'योग्यतेची नाहीत' असंच मी लिहिलंय. ते लिहितानाही घर तितक्याच बारकाईनं बघावं लागतं.

आता बाबांच्या दुसऱ्या वाक्याचं उत्तर. 'पाडू नका' असं त्या कलमात कुठेही नाही. स्वतःच्या पैशानं स्वतःचं घर पाडणाऱ्याला तर हा कायदा विचारतही नाही. सरकारी कामातसुद्धा सगळी चर्चा होऊन शेवटी वास्तू पाडायचं ठरू शकतं. फक्त तेव्हा त्या बदल्यात काय करायचं याचा लेखी करार होतो, आणि बहुतेक वेळा त्यातलं पहिलं कलम असतं संपूर्ण नोंदणी: मोजून काढलेली रेखाटनं, मोठ्या निगेटिव्हवरचे फोटो, लिखित इतिहास. १९३३ साली मंदीत बेकार झालेल्या आर्किटेक्ट लोकांना काम द्यायला तिकडच्या सरकारनं अशा नोंदी सुरू केल्या. त्या आजही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, कुणीही बघावं. कित्येक इमारती केव्हाच गेल्या, त्यांचे जिने आणि खिडक्या कशा होत्या ते मात्र इंचाइंचानं कळतं.

रस्त्यासाठी जाणाऱ्या एका शेतघराची अशी नोंद मी केली होती. मालकीणबाई आईच्या वयाच्या. आधी दारातसुद्धा घेईनात. पण त्यांच्या सासऱ्यांनी गोठ्याच्या तुळईवर कोरलेलं साल मी टॉर्च धरून वाचून दाखवलं, तेव्हा त्या स्वतःच शिडी धरून उभ्या राहिल्या आणि सगळं घर दाखवलं. घर गेलं. त्याची फाईल त्यांच्या नातवंडांकडे आहे.

बाबा, तुम्ही लगेच शिवाजी पुलाचं नाव काढाल. काढायलाच हवं. पंचगंगेवरचा पर्यायी पूल बराचसा झाला आणि मग काम अडलं, कारण शेजारची ब्रह्मपुरी टेकडी पुरातत्त्व खात्याची संरक्षित जागा. १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगीनं. इकडे हा वाद, तिकडे जुन्या पुलावरून गाड्या चालूच, आणि २०१८ च्या जानेवारीत मिनीबस नदीत कोसळली. तेरा माणसं गेली. तेव्हापासून कोल्हापुरात कुणासमोर 'हेरिटेज' म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, आणि मला त्यांचा राग येत नाही.

पण ब्रह्मपुरीही खोटी नाही. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजनं तिथे उत्खनन केलं आणि सातवाहन काळातलं नांदतं गाव सापडलं. टाउन हॉलच्या म्युझियममधला तो हातभर उंचीचाही नसलेला कांस्याचा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव, याच टेकडीतला. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या पंचगंगेकाठच्या माणसांचा पार भूमध्य समुद्रापर्यंत संबंध होता, याचा तो पुरावा. टेकडीही हवी आणि पूलही हवा. मला सलतं ते हे, की हा प्रश्न पुलाचा पहिला नकाशा कागदावर असतानाच विचारायला हवा होता. तेव्हा खांब दहा हात सरकवायला पेन्सिल पुरते. माझं काम त्या वेळेचं आहे. ते उशिरा केलं की अडवणूक होते.

आणि नाट्यगृहाचं काय सांगू! ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र आठवली की अजून घशाशी येतं. केशवराव भोसलेंच्या जयंतीच्या आदल्या रात्री त्यांच्याच नावाचं नाट्यगृह जळत होतं. आपण तिघं गल्लीच्या तोंडाशी उभे होतो, बाबा एक अक्षर बोलले नव्हते. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं, खासबाग मैदानाला खेटून. दुसऱ्या दिवसापासून सगळीकडे एकच मागणी, जसंच्या तसं पुन्हा उभारा. माझ्या मनात मात्र लगेच आलं: जसंच्या तसं म्हणजे कसं? छपराच्या कैच्या कुठल्या मापाच्या, रंगमंचाची तख्तपोशी कशी, लाकडाचे सांधे कोणत्या पद्धतीचे? जितकं आधी मोजून ठेवलेलं असतं तितकंच पुन्हा उभं राहतं. बाकी सगळं फोटो बघून अंदाजानं.

त्याहून जास्त काळजी मला पेठांची वाटते. नवीन राजवाडा, टाउन हॉल, सीपीआर रुग्णालय यांच्या मागे मेजर मँट या इंग्रज वास्तुकाराचं नाव आहे, त्यांच्यावर लिहिलं गेलंय, आणि त्यांना हात लावायचा म्हटलं तर शहर रस्त्यावर येईल. आपल्या गल्लीतली घरं बांधणाऱ्या गवंड्या-सुतारांचं नाव कुठल्याच कागदात नाही. त्यांनी काय केलं हे वाचायला ते घर सोडून दुसरं साधन नाही. महापालिकेच्या वारसास्थळांच्या यादीत नसलेला वाडा पाडताना कुणी कुणाला काही विचारत नाही. सकाळी जेसीबी येतो, संध्याकाळी लाकूड वखारीत गेलेलं असतं. मंगळवार, शुक्रवार, शिवाजी या पेठांत हे रोज चाललंय. आपल्या शाहू महाराजांच्या काळातलं, सामान्य माणसांचं कोल्हापूर त्या लाकडाबरोबर जातंय, आणि ते बघताना माझा जीव तुटतो.

म्हणून परक्याचं घर बघावं तसं मी आपलं घर बघितलं. ऐका.

पुढचा सोपा तुम्ही म्हणता तितका जुना नाही. त्याच्या भिंती भाजक्या विटेच्या आणि चुन्यातल्या, मागच्या माजघराच्या भिंती मातीच्या आणि जवळजवळ दुप्पट जाड. दोन्ही जिथे भेटतात तिथे वीट विटेत गुंतलेली नाही, नुसती टेकलेली आहे. म्हणजे माजघर आधीचं आणि सोपा मागाहून जोडलेला. छपरावर मंगलोरी कौलं असली तरी खालच्या वाशांवर एकमेकींलगत मारलेल्या जुन्या रिपांच्या खिळ्यांची भोकं दिसतात. आधी आपली गावठी नळीची कौलं होती. मंगलोरी कौलांचा कारखाना मंगळूरला १८६० च्या दशकात निघाला आणि मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये. तेव्हा छप्पर बदललं ते त्यानंतरच, असा माझा अंदाज आहे. दोन कौलं काढून मागचा छाप बघितला की आणखी कळेल.

पण खरी गोष्ट माजघराच्या खांबांची. वरचा रंग खरवडला तर प्रत्येक खांबाच्या माथ्याशी छिन्नीच्या आडव्या रेघा निघाल्या. एक रेघ, दोन रेघा, तीन. सुतार जमिनीवर सगळं जुळवून घ्यायचा, मग सुटं करून उभं करायचा, तेव्हा कुठला खांब कुठल्या तुळईखाली हे कळावं म्हणून या खुणा. आपल्याकडे तीननंतर एकदम सहा येतो. आणि त्या सहाच्या खांबाला भिंतीच्या बाजूनं एक खोल चौकोनी खाच आहे, तीत काहीच बसत नाही. आई, तू जिथे चाळण अडकवतेस तोच खांब. ती खाच कसलीतरी आडवी तुळई घ्यायला केलेली, आणि ती तुळई या घरात कधी नव्हती. हे लाकूड दुसऱ्या, मोठ्या वास्तूतून आलंय. आजोबांच्या वडिलांनी ते लिलावात घेतलं की कुणाकडून मिळालं, ते पुरालेखागारात करवीर संस्थानच्या दप्तरात बघायला हवं. मोडी वाचणारे एक जण मदतीला तयार आहेत.

आता माझं मत. तिकडे वास्तूची अस्सलता जोखताना सात गोष्टी बघतात. त्यातल्या परिसरात आपलं घर नापास. दोन्हीकडे अपार्टमेंट उभी राहिली, गल्लीचं रूप गेलं. सोप्याला शटर लागलं, खाली मोझॅक आलं, मूळचं फार थोडं उरलंय. सोपा गेला तर मी हळहळेन, पण अडवणार नाही. माजघर मात्र वेगळं आहे. त्याचं साहित्य आणि कारागिरी दोन्ही शाबूत आहेत, वाळवी फक्त परड्याकडच्या एका तुळईला लागलीय. माझी इच्छा विचाराल तर माजघर राहावं आणि पुढच्या बाजूला नवं बांधावं. प्लॉट लांबट आहे, ते बसू शकतं, मी कच्चा नकाशा काढलाय. बिल्डरला तो परवडेल की नाही हे विचारायच्या आतच नाही म्हणू नये.

तेही जमलं नाही तर माझ्या दोन अटी करारात घाला. घर रिकामं झाल्यावर आणि पाडायच्या आधी महिनाभर ते माझ्या ताब्यात असावं. मी सगळं मोजून, फोटो काढून, कागदावर उतरवून घेईन. आणि माजघराचं लाकूड वखारीला न जाता, खुणांसकट नंबर घालून आपल्याकडे राहावं. काकांचं नुकसान यात काही नाही. त्यांच्या मुलीच्या शिक्षणाला पैसे हवेत हे मी विसरलेले नाही, आणि चाळीस वर्षं गळणारं छप्पर बाबांनी सांभाळलंय तेही विसरलेले नाही. घर तुमचं आहे, निर्णय तुम्हा दोघा भावांचा. नेमकं काय जाणार आहे हे कळल्यावर सही करा, इतकाच माझा आग्रह.

एक काम तुम्हा दोघांकडे. दादाच्या मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करून पाठवा. बाबा, माजघरातून परड्यात उघडणारं जुनं दार कुणी आणि कधी बुजवलं? आजोबा माडीचा जिना 'नवा' म्हणायचे, तो कुणी केला? आई, तू लग्न होऊन आलीस तेव्हा चूल कुठल्या भिंतीला होती, आणि देवघर आत्ताच्याच जागी होतं का? बाळंतिणीची खोली कुठली? जे आठवेल ते सांगा, मागेपुढे झालं तरी चालेल, मी लावून घेईन. मिळकत पत्रिकेची जुनी नक्कल बाबांच्या हिरव्या पेटीत असेल तर किल्ली कुठे आहे तेही कळवा.

काका-काकूंना मी रविवारी जेवायला बोलावलंय. तुमची हरकत नसेल तर हे पत्र त्यांनाही वाचून दाखवते आणि ते खांब दाखवते. शनिवारपर्यंत हो-नाही कळवा.

तुमची लेक