टायवर हस, पॅनेलवर नको

दादर, मुंबई

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

अंधेरीच्या उद्योजकांच्या मीटिंगबद्दल फोनवर बोलणार होतो, पण तू विषय हसण्यावारी नेतोस, म्हणून लिहितोय.

स्वतःची ओळख करून द्यायची तुझी पाळी आली. वेळ मिनिटभर. माइक हातात घेऊन तू म्हणालास, "आम्ही मराठी माणसं, धंदा आम्हाला कुठला जमायला! कंट्रोल पॅनेल बनवतो, चाललं तर चाललं." हॉल हसला. माझ्या शेजारी एका कारखान्याचे परचेस मॅनेजर बसले होते. त्यांनी तुझं कार्ड खिशातून काढून टेबलावर ठेवलं आणि जाताना तिथेच राहू दिलं. फार लागलं मला ते.

स्वतःवर हसणं सोड, असं मी म्हणत नाही. तू असलास की अनोळखी माणसंही मोकळी होतात, हे सगळ्यांना जमत नाही. पण एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत केलेला १९६६ सालचा प्रयोग बघ. प्रश्नांची उत्तरं देणाऱ्या उमेदवाराचं रेकॉर्डिंग विद्यार्थ्यांना ऐकवलं. ९२ टक्के उत्तरं बरोबर देणाऱ्याने अंगावर कॉफी सांडली, तर तो जास्त आवडला. ३० टक्केवाल्याने सांडली, तर तो होता त्याहून नावडता झाला. त्या हॉलमध्ये तुझे ९२ टक्के कुणाला ठाऊक होते? पॅनेल बाहेर पडण्याआधी तू स्वतः मेगर लावून वायरींचं इन्सुलेशन तपासतोस, एकही वायर फेरूल नंबराशिवाय, म्हणजे ओळखीच्या नंबराशिवाय, सोडत नाहीस, हे तू सांगितलंच नाहीस.

टायवर बोल, लोकलमध्ये चुरगळलेल्या शर्टावर बोल. कामावर नको.

आणि मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे तर मुळीच नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईतली शिक्षकी सोडून लोखंडी नांगर बनवले. पेंढारकरांनी १९५२ साली परळमध्ये विको सुरू केली, दंतमंजन दारोदार फिरून विकलं. शिवाय हा विनोद तुझ्या एकट्यावर राहत नाही रे. मागच्या रांगेत नुकतंच फॅब्रिकेशन सुरू केलेली दोन पोरं बसली होती, तीही त्यात आली. ती हसली नाहीत, मी बघितलं.

रविवारी घरी ये, मिनिटभराची ओळख बसून लिहून काढू. आधी पॅनेल, मग मेगर, आणि उरलेल्या वेळात तुझा टाय. त्या मॅनेजरांशी मी बोललोय, तुझ्या टेस्टिंगचं सांगितलंय. त्यांचा नंबर पाठवतो, सोमवारी सकाळी नक्की फोन कर.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद