भाकरीवाल्या मावशींना, मक्याच्या भाकरीबद्दल

सहकारनगरच्या पोळी-भाजी केंद्रातल्या मावशींस,
सा. न. वि. वि.

मावशी, हे पत्र तुमच्या नातीने मोबाइलवर वाचून दाखवावं म्हणून असं जाहीर लिहितोय. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, भाकरी किती देऊ?" म्हणून विषयच संपवता.

माझी वणवण तुम्हाला अर्धीच ठाऊक आहे. नोकरीनिमित्त दोन वर्षं मी मेक्सिकोत पुएब्ला शहरात होतो. मोटारींचा मोठा कारखाना आणि लांबवर धुमसणारा ज्वालामुखी. ज्वालामुखी सोडला तर आपलं चाकणच. गल्लीच्या कोपऱ्यावर टॉर्टियाचं, म्हणजे तिकडच्या मक्याच्या पातळ भाकरीचं, दुकान होतं. तिथे टॉर्टिया किलोवर विकतात. घरून फडकं न्यायचं आणि त्यात गुंडाळून गरम गरम घेऊन यायचं. पुण्यात परतल्यावर मला आठवायचा तो त्या फडक्याचा वास.

मग शोध सुरू झाला. कोरेगाव पार्क झालं, बाणेर झालं, विमाननगर झालं. कुठे मैद्याच्या पोळीत राजमा, कुठे कुरकुरीत कवचात पनीर टिक्का, आणि सगळ्यावर चीजचा पूर. एका ठिकाणी मी विचारलं, टॉर्टिया कशाची आहे? वेटर म्हणाला, "सर, एकदम ऑथेंटिक, चीज इंपोर्टेड आहे." चव वाईट नव्हती, खोटं कशाला बोलू. पण ते कडक कवच अमेरिकेतलं. नाचोज, म्हणजे चीज घातलेले मक्याचे कुरकुरीत तुकडे, मेक्सिकोतलेच, पण १९४३ साली सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात इग्नासिओ अनाया यांनी पलीकडून आलेल्या अमेरिकन बायकांसाठी घाईत केलेले. इग्नासिओचं लाडाचं नाव नाचो. म्हणजे आपल्याकडे कुणी 'बंड्या' नावाने पदार्थ विकावा, तसं.

शेवटी घरीच करायचं ठरवलं. बाजारातून मक्याचं पीठ आणलं. थापलं की तडा, उचललं की तुकडे. चूक पिठाची नव्हती, रीतीची होती. तिकडे मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवतात. त्याने साल सुटते, दाणा चिकट होतो आणि मक्यात अडकून पडलेलं नायासिन नावाचं जीवनसत्त्व अंगाला लागतं. युरोपने मका नेला, चुन्याची रीत नेली नाही. नुसत्या मक्यावर जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पुढे पेलाग्रा नावाचा रोग झाला.

एवढं वाचून मी पानाच्या टपरीवरून चुना आणला आणि अर्धा किलो मक्यात अख्खी पुडी रिकामी केली. मका हळदीसारखा पिवळा झाला आणि चवीला साबण. ते पातेलं हातात घेऊन मी तुमच्या दारात उभा राहिलो, ती संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल. तुम्ही बोट बुडवून वास घेतला आणि म्हणालात, "पेठा करायला घेतलावता का काय? एवढा चुना कोण घालतं!"

कोहळ्याच्या पेठ्यासाठी तुम्ही आयुष्यभर चुना वापरलात, मला ते सुचलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी तुम्ही चमचाभर चुना पाण्यात कालवून फडक्याने गाळून घेतलात, खडे वर राहिले. मका तासभर मंद आचेवर, मग रात्रभर झाकून. सकाळी तीन पाण्यांनी चोळून धुतला तेव्हा साली बोटांतून शेवाळासारख्या निसटत होत्या. मिक्सरला तुम्ही हातही लावू दिला नाहीत. म्हणालात, "त्यात पाणी घालावं लागतं, मग थापणार काय, कपाळ?" आणि मागच्या मोरीजवळचा पाटा धुऊन घेतलात. तिकडेही बायका असाच दगड वापरतात, फक्त तो उतरता असतो, तीन पायांचा. त्याला मेताते म्हणतात.

मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. दुधाची पिशवी कापून तुम्ही तिच्यात गोळा ठेवलात आणि थालिपिठासारखा थापलात. मेक्सिकोत दाबयंत्रात गोळ्याच्या वर-खाली प्लॅस्टिकच घालतात, हे मी तुम्हाला सांगितलंही नव्हतं. तव्यावर पडल्यावर मात्र तुमचा हात सवयीने पाण्याच्या वाटीकडे गेला. मी "मावशी, नको!" म्हणून ओरडलो तेव्हा तुम्ही जे पाहिलंत माझ्याकडे! पण हात मागे घेतलात. एकदा उलटली, दुसऱ्यांदा उलटली, आणि ती टम्म फुगली. "पापुद्रा सुटला की," म्हणालात. फडक्यात गुंडाळली आणि तोच वास आला. मी मोरीकडे तोंड करून उभा राहिलो होतो, ते धुरामुळे नव्हतं.

भाजलेला टोमॅटो, लसूण आणि मिरची त्याच पाट्यावर वाटली, त्याला तुम्ही 'चटणी' म्हणालात आणि मी वाद घातला नाही. मिरची, टोमॅटो, मका, सगळं मुळात त्याच बाजूचं, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे पोचलेलं, असं सांगितल्यावर तुम्ही विचारलंत, "मग आधी ठेचा कशाचा करत होते?" मिरी आणि पिंपळी वापरत, एवढं मला माहीत होतं. ठेचा होता का, हे तुम्हीच ठरवा.

त्या दिवसाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. पण वाटताना म्हणालात की पाटा गुळगुळीत झालाय, टाकी लावणारा हल्ली फिरकत नाही. मंडईजवळ एकजण भेटलाय. रविवारी सकाळी त्याला घेऊन येतो. टाकीचे पैसे मी देणार, त्यावर बोलायचं नाही. मका शनिवारी रात्रीच भिजवून ठेवतो, चुना एकच चमचा.

आपला,
रोज चार ज्वारीच्या नेणारा