आई, तुझ्या गुडघ्याला झेपेल असं सगळं शोधून ठेवलंय

ती. आई-बाबा आणि आजी,
सा. न.

रविवारी व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली की मी तिकडे येऊन काय करू, तुम्ही दोघं दिवसभर कामावर आणि मला दोन जिने चढले की गुडघा धरतो, आणि तेवढ्यात तिकडची लाइट गेली न् विषय तिथेच राहिला. त्याचं उत्तर फोनवर घाईघाईत द्यायचं नाहीये म्हणून पत्र लिहितेय. दादा, आजीला मोठ्याने वाचून दाखव प्लीज, मधलं काही गाळू नकोस.

यंदा सुट्टी मिळेल तसं मी आणि निखिल वेल्समध्येच फिरतोय, लांब कुठे गेलो नाही, आणि खरं सांगू का, प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार हाच येतो की आई इथे कुठपर्यंत चालू शकेल, बसायला बाक आहे का, आणि बाबा कुठे रमतील.

आधी समुद्राचं सांगते कारण आजी दरवेळी तेच विचारते. आमच्या कार्डिफहून ट्रेनने तासाभरात स्वान्सी, तिथून बस, आणि गावर नावाच्या द्वीपकल्पाच्या अगदी टोकाला रोसिली. हा गावरचा भाग १९५६ साली ब्रिटनमधला पहिला संरक्षित निसर्गसुंदर प्रदेश म्हणून जाहीर झाला होता, म्हणून इथे एवढ्या वर्षांत हॉटेलांची रांग उभी राहिलेली नाही. बस वर कड्यावरच सोडते. खाली पाहिलं की जवळपास पाच किलोमीटर नुसती वाळू, सलग, आणि मागे हिरवा डोंगर आणि त्या डोंगराच्या पोटाशी एकच पांढरं घर, बाकी काही म्हणजे काही नाही. खाली उतरायला बऱ्याच पायऱ्या आहेत आणि परत येताना चढ चांगलाच लागतो, ते तुला नको आई. पण वरून कड्याच्या कडेने जुन्या कोस्टगार्डच्या चौकीपर्यंत जी वाट जाते ती जवळपास सपाट आहे, लोक बाबागाड्या घेऊन जातात, दोन्ही बाजूंना मेंढ्या चरत असतात, आणि समुद्र पूर्ण वेळ डोळ्यासमोर. माझ्या मते तो बीच वरूनच जास्त छान दिसतो, हे तुझं मन राखायला म्हणत नाहीये.

चौकीच्या पुढे समुद्रात एक लांबुळकं बेट आहे, वर्म्स हेड. ओहोटी लागली की मधले खडक उघडे पडतात आणि चालत जाता येतं, ओहोटीच्या आधी अडीच तास आणि नंतर अडीच तास, एवढाच वेळ. चौकीत आता स्वयंसेवक बसतात, दुर्बीण घेऊन, आणि त्या दिवशी किती वाजेपर्यंत परत यायचं ते तिथे लिहून लावलेलं असतं. ती वेळ चुकली तर पुढच्या ओहोटीपर्यंत बेटावरच बसायचं, पोहून यायचा प्रयत्न करायचा नाही असं स्पष्ट सांगतात कारण मधला प्रवाह भयंकर ओढतो. बाबा, तुम्हाला यातलं शास्त्र आवडेल. हे समोरचं ब्रिस्टल चॅनेल, म्हणजे जमिनीत शिरलेली खाडी, समुद्राकडे रुंद आणि आत निमुळतं होत जातं, त्यामुळे आत शिरणारं पाणी दाटत दाटत उंच चढतं, आणि आतल्या टोकाला मोठ्या भरती-ओहोटीत चौदा मीटरच्या आसपास फरक पडतो. आपल्या मुंबईला तो पाच मीटरच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. आम्ही निघालो तेव्हा पाणी इतकं मागे होतं की वाळूत एका जहाजाच्या फासळ्या वर आलेल्या दिसत होत्या. हेल्व्हेटिया नावाचं नॉर्वेचं लाकूड वाहून नेणारं जहाज, १८८७ च्या नोव्हेंबरमध्ये वादळात सापडून इथे लागलं आणि त्याचा सांगाडा अजून तिथेच वाळूत रुतलेला आहे. माणसं बहुतेक आता रोज त्याच्या बाजूने कुत्री फिरवतात.

डोंगर मात्र बाबांसाठी. पेन ई फॅन, साउथ वेल्समधला सगळ्यात उंच, ८८६ मीटर. हसू नका, मला माहितीये की कळसूबाई याच्या जवळजवळ दुप्पट आहे आणि तुम्ही पांडवगडावर चहा प्यायला गेल्यासारखे जाता. पण इथे नुसत्या उंचीवरून ठरवू नका, हवा बघा. खाली ऊन, वर पंधरा मिनिटांत ढग, आणि वारा असा की टोपी हातात धरून चालावं लागतं. बस अगदी पायथ्याला सोडते, तिथपासून चढ साधारण साडेचारशे मीटरचा, आणि वाट पूर्ण दगडांनी बांधून काढलेली. इतके लोक येतात की पावलांनी माती निघून जायला लागली, मग दगड आडवे-उभे पुरून ही वाट बांधली, पाणी बाजूला जाईल अशा चरी ठेवून. आपल्याकडे गडांवर सिमेंटच्या पायऱ्या करतात ना, त्याच्याऐवजी हे बघून मला फार वाटलं की आपल्या लोकांनी येऊन एकदा बघावं, दगड तिथलाच, हाताने रचलेला आणि डोंगराच्या रंगात मिसळून गेलेला. या नॅशनल पार्कने २०२३ मध्ये ब्रेकन बीकन्स हे इंग्रजी नाव वापरायचं सोडलं आणि आपलं वेल्श नाव घेतलं, बनाय ब्रेकेइन्योग. उच्चार मलाही अजून जमवावा लागतो पण पाट्यांवर आता तेच, आणि बसमधल्या बायका ते अभिमानाने म्हणतात.

शेजारच्या कॉर्न डू शिखराच्या खाली, एका तळ्याच्या वरच्या कड्यावर एक छोटा दगडी स्तंभ आहे. आम्ही मुद्दाम वाकडी वाट करून तिथे गेलो. १९०० सालच्या ऑगस्टमध्ये टॉमी जोन्स नावाचा पाच वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर आजी-आजोबांच्या शेतावर निघाला होता, वडील कोळशाच्या खाणीत कामाला. संध्याकाळी घर थोडंसंच राहिलेलं असताना वाटेत आजोबा आणि मोठा मामेभाऊ की चुलतभाऊ भेटले, दोघं मुलं शेतावर निरोप द्यायला पुढे पळाली, आणि अर्ध्या वाटेत टॉमी अंधाराला घाबरून वडिलांकडे परत फिरला. मोठा मुलगा निरोप देऊन आला, टॉमी आलाच नाही. पोलीस, सैनिक, गावकरी, सगळ्यांनी शोधलं, जवळजवळ महिनाभर. सापडला तो एवढ्या उंचावर, जिथे एवढंसं मूल चढून जाईल असं कुणाला वाटलंच नव्हतं. लोकांनी वर्गणी काढून तो स्तंभ उभा केला. मी तिथे बराच वेळ उभी होते. ते अंतर खाली बघून मोजता येतं, शेत, ओढा, चढ, आणि पोटात खड्डा पडतो. आजी, तू मला लहानपणी जत्रेत हात सोडला म्हणून ओरडली होतीस, ते आठवलं.

आता आई, हे तुझ्यासाठी. नीट वाच.

हे-ऑन-वाय. वेल्स आणि इंग्लंडच्या हद्दीवरचं गाव, वाय नदीच्या काठी, वस्ती जेमतेम दोन हजार, आणि दुकानं पुस्तकांची. जुन्या पुस्तकांची! तू जन्मभर वाचनालयात काढलीस, रद्दीत निघालेली पुस्तकं घरी आणून खळ लावून बांधलीस, तुला तिथे नेल्याशिवाय मला चैन पडणार नाही. रिचर्ड बूथ नावाच्या माणसाने साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या जुन्या अग्निशामक केंद्राच्या जागेत पहिलं दुकान काढलं. गाव तेव्हा मोडत चाललं होतं, त्याच सुमाराला रेल्वेही बंद झाली, पोरं शहरात. त्याने काय केलं तर अमेरिकेत बंद पडणाऱ्या लायब्रऱ्यांची पुस्तकं कंटेनर भरभरून आणली आणि एकामागोमाग एक रिकाम्या इमारती भरल्या. १ एप्रिल १९७७ ला त्याने हे गाव स्वतंत्र राज्य असल्याचं जाहीर केलं आणि स्वतः राजा झाला, मुकुट बिकुट घालून. पासपोर्टसुद्धा छापले. सगळ्या पेपरात बातम्या आल्या आणि लोक यायला लागले ते आजपर्यंत. १९८८ पासून दरवर्षी तिथे मोठा साहित्य महोत्सव भरतो. बूथ २०१९ ला गेला, पण त्याच्या नावाचं दुकान अजून चालू आहे, लाकडी जिने, वर आरामखुर्च्या, आणि कुणीही उठवत नाही.

एक दुकान फक्त कवितांचं होतं. फक्त कविता, आई! जमिनीपासून छतापर्यंत. मालकाला विचारलं की चालतं का, तर म्हणाला की कवितेचं गिऱ्हाईक थोडं असतं पण परत येतं.

आणि गावाच्या मधोमध किल्ला. त्याच्या आवारात, उघड्यावर, कपाटांच्या रांगा, वर नुसतं छोटं छप्पर. विकणारं कोणी नाही. पुस्तक घ्यायचं, पेटीत एक-दोन पौंड जे काय असेल ते टाकायचे, निघायचं. पैसे किल्ल्याच्या देखभालीला जातात. पावसाने काही पुस्तकं फुगलेली, काहींवर शेवाळ आल्यासारखं, तरी लोक वाकून वाकून बघत होते. एक आजोबा गवतावर बसून अर्धं पुस्तक वाचून झाल्यावर उठले, पेटीत पैसे टाकले आणि पुस्तक परत कपाटात ठेवून गेले. मी ते बघत राहिले.

भिलारला आपण गेलो होतो ना, २०१७ ला पुस्तकांचं गाव सुरू झालं त्याच्या नंतरच्या उन्हाळ्यात, ते या हे-ऑन-वायवरूनच सुचलं होतं. पण दोन्ही बघितल्यावर मला वाटतं की भिलारची गोष्ट वेगळी आहे आणि आपण तिला कमी लेखतो. हे-ऑन-वाय हा मुळात धंदा आहे, चांगला धंदा, त्याच्यावर अख्खं गाव जगतं. भिलारला मात्र लोकांनी आपल्या घराच्या पडव्या दिल्या, कुणीही या, बसा, वाचा, विकायचं काही नाही. स्ट्रॉबेरीवाल्या काकूंनी तुला पाणी दिलं आणि तू त्यांच्या ओटीवर बसून दोन तास ऐतिहासिक कादंबरी वाचलीस, आम्ही बाहेर कंटाळलो होतो, ते हे-ऑन-वायमध्ये होणार नाही. तू दोन्ही बघून मला सांग, तुझं मत मला हवंय, कारण तुला कपाट लावायचं कळतं, मला फक्त वाचायचं कळतं.

रस्ते तिथले उताराचे आहेत पण गाव एवढंसं, दर पन्नास पावलांवर एक दुकान आणि प्रत्येक दुकानात खुर्ची. गुडघ्याला याच्यापेक्षा सोयीचं गाव मला माहीत नाही. रेल्वे नसल्यामुळे हेरफर्डपर्यंत ट्रेन आणि पुढे बस, नाहीतर निखिल गाडी भाड्याने घेईल.

कार्डिफमध्ये तर घराबाहेर पडलं की झालंच. जुन्या काचेच्या छपरांच्या गल्ल्या आहेत, आर्केड म्हणतात, सगळ्यात जुनी १८५८ ची, पाऊस असला तरी फिरता येतं आणि इथे पाऊस असतोच. तिथे स्पिलर्स नावाचं रेकॉर्डचं दुकान आहे, १८९४ चं, जगातलं सगळ्यात जुनं. सुरुवातीला तिथे फोनोग्राफ आणि मेणाची नळकांडी विकायचे. बाबा, तुमच्या नाट्यसंगीताच्या रेकॉर्डी तिथे नाही मिळणार पण सुई मिळेल, विचारून ठेवलंय. आणि एका दुकानात नुसते लाकडी चमचे, कोरलेले, खायचे नाहीत. पूर्वी मुलगा आवडत्या मुलीसाठी एकाच लाकडातून कोरायचा, साखळीसकट, पिंजऱ्यात सुटे गोळे असलेला, आणि ते गोळे म्हणजे होणारी मुलं असं मानतात. इथल्या म्युझियममध्ये १६६७ चा चमचा आहे. दादा-वहिनीसाठी घेतलाय, दोन गोळ्यांचा, वहिनीला आधी सांगू नका.

बाजारात तव्यावर भाजलेले गोड वेल्श केक मिळतात, गरम असताना खायचे. आजी, तुझ्या दातांना चालतील.

तर आता कामाचं. बाबा, तुमचा पासपोर्ट नोव्हेंबरमध्ये संपतोय, या महिन्यातच रिन्यू करायला टाका. व्हिजिटर व्हिसा सहा महिन्यांपर्यंत राहू देतो, पण तुम्ही मे ते जुलै या, जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो म्हणजे मी ड्युटीवरून आल्यावरही आपण बाहेर जाऊ शकू. आई, डॉक्टरांना गुडघ्याचं दाखवून घे आणि विमानात उठून चालायला सांगतील तर ते खरंच कर. स्वेटर दोन पुरे, पण वाऱ्याचं जाकीट आणि बाबांचे बूट इथेच घेऊ, तिथून आणू नका. जागा ठेवा बॅगेत, परत जाताना पुस्तकं असणार आहेत आणि वजनावरून आईशी भांडायचं नाही.

तुमची,
सई