इकडे येण्याआधी पैशाचं थोडं बोलू

शारजा
रविवार, रात्री

प्रिय गड्या,

तुझं ऑफर लेटर आल्याचं कळल्यापासून मी दोन दिवस हवेत आहे. परवा फोनवर नोकरी, व्हिसा, तिकीट सगळं बोललो, पण पैशाचं बोलणं राहूनच गेलं. ते फोनवर नीट होणारही नाही. म्हणून हे पत्र. निवांत बसून वाच आणि वहिनींनाही वाचायला दे.

तात्यांना मिरजेत ॲडमिट केलं ती रात्र तुला आठवते ना? काउंटरवर साठ हजार भरायचे होते. माझ्या खात्यात त्याच्या दुप्पट पैसे होते, पण ओटीपी जाणार भारतातल्या नंबरावर, आणि त्या सिमचा रिचार्ज करायला मी विसरलो होतो. नंबर बंद. इथे खोलीत फोन हातात घेऊन मी नुसता येरझाऱ्या घालत होतो. शेवटी तू ट्रॅक्टरच्या हप्त्याचे पैसे नेऊन भरलेस. ते मी आठवड्यात परत केले, पण ती रात्र माझ्या मनातून गेलेली नाही. तुझ्या घरावर तशी रात्र येऊ नये, एवढ्यासाठीच हे सगळं लिहितोय.

तेव्हा निघण्याआधी बँकेत जा. परदेशात नोकरीला गेलं की गावाकडचं साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं भारतातल्या उत्पन्नाचं खातं, करून घ्यावं लागतं. ऊसबिल, दुकानाचं भाडं असं भारतातलं उत्पन्न त्यात जमा होईल. त्याच्या व्याजावर तीस टक्क्यांहून जास्त टीडीएस कापतात, म्हणून त्यात मोठी रक्कम पडू देऊ नकोस. इथला पगार पाठवायला वेगळं एनआरई खातं काढ. त्याच्या व्याजावर भारतात कर नाही आणि ते पैसे कधीही परत बाहेर नेता येतात. त्या खात्यावर वहिनींच्या नावे मँडेट, म्हणजे तुझ्या वतीनं खातं चालवायचा लेखी अधिकार, दे. मग तू इकडे असलास तरी तिकडचे खर्च त्यांना भागवता येतील. माझ्या घरी हे केलेलं असतं तर त्या रात्री तुला धावावं लागलं नसतं. आता २०२३पासून इथल्या, म्हणजे युएईच्या, नंबरावरही एनआरई आणि एनआरओ खात्याचं यूपीआय चालू करायला परवानगी आहे. तुझी बँक ते देते का, विचार. तरीही गावाकडचं सिम जिवंत ठेवच.

ऑफर लेटरमध्ये एकूण पगाराखाली ‘बेसिक’ किती लिहिलंय ते बघ. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी त्या बेसिकवर मोजतात, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा पगार. बेसिक तीन हजार दिरहम असेल तर वर्षाला २१०० दिरहम. पगार तेवढाच आणि बेसिक दीड हजार, तर निम्मेच. सही करण्याआधी हे विचारायला लाजू नकोस. आणि व्हिसाचा खर्च कंपनीनं करायचा असतो, तसा इथला कायदाच आहे. कुणी एजंट त्यासाठी पैसे मागत असेल तर आधी मला फोन कर.

पैसे पाठवताना लोक फक्त फी बघतात. खरा पैसा दरात जातो. एका दिरहमामागे वीस पैसे कमी मिळाले तर चार हजार दिरहमांवर आठशे रुपये गेले. म्हणून हातात किती रुपये पडणार, एवढंच विचारायचं आणि दोन-तीन ठिकाणी विचारायचं. दर चढायची वाटही बघत बसू नकोस. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, १९९७पासून एका डॉलरला ३.६७२५, त्यामुळे खाली-वर होतो तो आपला रुपया, आणि त्याचं भाकीत तुझ्या-माझ्या हातात नाही. ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम पाठव. खोलीतला कुणीतरी हुंडीनं, म्हणजे बँकेबाहेरून माणसांमार्फत, पाठवलं तर जास्त दर मिळतो म्हणेल. त्या वाटेला जाऊ नकोस. ते बेकायदा आहे, आणि पैसे बुडाले तर दाद मागायला तोंड राहत नाही.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. मी आलो तेव्हा घरी पगाराचा पूर्ण आकडा सांगितला. त्यातून बेड स्पेसचं, म्हणजे खोलीतल्या एका पलंगाचं, भाडं, मेसचे पैसे आणि बसभाडं जातं, हे सांगितलंच नाही. त्यांना वाटलं सगळं उरतं. चुलतभावाच्या लग्नाला पैसे मागितले, तेव्हा नाही म्हणायची लाज वाटली आणि क्रेडिट कार्डावर रोख काढून पाठवले. ते फेडायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत मी गावी आलो नाही, त्याचं कारण ‘रजा नाही’ नव्हतं रे. शेवटी एकदा हिला व्हिडिओ कॉलवर हिशेबाची वहीच दाखवली. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “हे आधी का नाही सांगितलंत?” त्या महिन्यापासून किती पाठवायचं ते आम्ही दोघं मिळून ठरवतो. तू पहिल्याच महिन्यापासून वहिनींना खरा आकडा सांग.

बांधाशेजारचं रान घ्यायचं तुझ्या डोक्यात आहे, मला माहीत आहे. पण एनआरआय असताना शेतजमीन आपल्या नावावर विकत घेता येत नाही, वारशानं येते ती चालते. तेव्हा त्याचा इसार देण्याआधी अण्णांशी आणि वकिलाशी बोल.

पहिला पगार हातात यायला महिना-दीड महिना जाईल. तोवर कुणाकडून उसने घेऊन येऊ नकोस. आमच्या खोलीतला एक पलंग पुढच्या महिन्यात रिकामा होतोय, तो तुझ्यासाठी सांगून ठेवलाय, आणि चार हजार दिरहम तुझ्या नावानं बाजूला काढलेत. नको म्हणू नकोस. तू त्या रात्री मला विचारायला थांबला नव्हतास.

तिकिटाची तारीख कळव. विमानतळावर मी येतोच. आणि जमलं तर आईच्या हातचं मेतकूट घेऊन ये.

तुझाच,
शारजाकर मित्र