दत्तास, स्विंडनहून

स्विंडन, 5 एप्रिल 2019

प्रिय दत्ता,

काल इथल्या ब्रिटिश पार्लमेंटचं छत गळलं. सभागृहात वरच्या गॅलरीतून पाण्याची धार लागली आणि कामकाज थांबवून सगळे घरी. मी एकटाच इतका हसलो की घरमालकीण डोकावून गेली. तिला काय सांगू? हसायला तू हवा होतास.

तब्येत ठीक. गुडघा आहे तसाच.

तुला उत्तर दिलं नाही, कारण बाळाने इथे नोकरीला यावं का, असं विचारलंस त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही. त्याचे पोर्तुगीज नागरिकत्वाचे लिस्बनचे कागद आले. आता पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की आपला भारतीय गेला, गोव्यातली वेर्ण्याची नोकरी गेली. पण त्या युरोपीय पासपोर्टवर इथे यायला मुदत कधीपर्यंत? ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचा, करार मंजूर झाला तर 2020 अखेरपर्यंत दार उघडं. नाहीतर येत्या शुक्रवारी, 12 तारखेला, रात्री 11 वाजता हे कराराशिवाय बाहेर, आणि पुढे नवे नियम. तो करार खासदारांनी तीनदा पाडलाय: जानेवारीत 230 मतांनी, मग 149, मग 58. फरक असा कमी होत गेला तर पावसापर्यंत पास होईल म्हणावं, तर सभापती बर्को 1604 सालचा नियम काढून बसलाय, तोच ठराव पुन्हा आणायचा नाही म्हणून.

मग खासदार म्हणाले, आम्हीच पर्याय सुचवतो. 27 मार्चला आठ पर्याय मताला टाकले, 1 एप्रिलला चार. सगळे पडले, कस्टम्स युनियनचा, म्हणजे युरोपशी जकात एकच ठेवायचा, तर तीन मतांनी. कराराशिवाय जायचं नाही, हेही ठरवून मोकळे. आपल्या शिगम्याच्या नाटकाचं झालं तसंच. नाटक हवंच, पण ऐतिहासिक नको, सामाजिक नको, आणि तू संगीतासाठी अडून बसलेला. शेवटी ऑर्केस्ट्रा आणला, त्याचे पैसे मी भरले. हे मी विसरलेलो नाही.

मला सारखा आपल्या गोव्याचा 1967 चा कौल आठवतो, म्हणजे आपल्या घरांतलं त्यावरचं भांडण. तुझे बाबा फूल, आमचे दोन पानं. विलीनीकरण 34 हजारांनी पडलं आणि तुझ्या बाबांनी आमच्याकडे चहा सोडला. पण फूल म्हणजे महाराष्ट्रात, पानं म्हणजे वेगळं, हे दोघांनाही स्वच्छ ठाऊक होतं. इथे 2016 ला 51.9 टक्के म्हणाले बाहेर. बाहेर म्हणजे कुठे, ते कागदावर नव्हतंच. नॉर्वेसारखं, संघाबाहेर पण त्यांच्या बाजारपेठेत, म्हणणारा आणि सगळं तोडा म्हणणारा एकाच चौकोनात फुली मारून आले. आणि आयर्लंडच्या सरहद्दीचं काय, हा प्रश्न तेव्हा आमच्या गोदामात तरी कुणी काढला नव्हता. आमच्या स्विंडननेही बाहेरच म्हटलं. सोबत काम करणारा, डबा वाटून खाणारा माणूस म्हणतो, "तुम्ही नाही रे, ते दुसरे." दुसरे म्हणजे पोर्तुगीज पासपोर्टवाले असतील तर तो मीच! मला 'ओब्रिगाद'पलीकडे पोर्तुगीज येत नाही ते सोड.

हो, दाबोळीला विमानतळावर तू सगळ्यांसमोर मला 'सालाझाराचो नातू', त्या पोर्तुगीज हुकूमशहाचा, म्हणाला होतास. आता बाळाच्या पासपोर्टाची घाई तुलाच!

माझा अंदाज विचारशील तर 12 ला काही होणार नाही. मुदत वाढेल, मग ती वाढवलेलीही वाढेल. पंतप्रधान मेबाई जाईल, आणि तिच्या जागी येईल तो जास्त कडक असेल. विरोधी पक्षनेता कॉर्बिनशी तिची बोलणी चालू आहेत, पण दोघांना आपापला पक्षच आवरत नाही. तुमच्याकडे बरं, पर्रीकर गेले आणि दोन दिवसांत मध्यरात्री मुख्यमंत्री बसवलात. इथला होंडाचा कारखाना 2021 ला बंद होणार, साडेतीन हजार नोकऱ्या. कंपनी म्हणते ब्रेक्झिटशी संबंध नाही. असो, पण ते सगळे आमच्यासारखीच कामं शोधत फिरणार, आणि त्यात बाळा.

म्हणून त्याला सांग, राजीनामा देऊ नको. पासपोर्टाचा अर्जही थांबव. माझं तो ऐकत नाही, मी आधी आलो म्हणून दार लावतोय म्हणतो. तुझं ऐकेल.

तुझे ट्रक अजून उभेच का? खाणींचं काही हललं? वहिनींचं ऑपरेशन झालं ना? उद्या पाडवा, काकींना नमस्कार. रविवारी दुपारी फोन करतो, तोवर त्याच्याशी बोलून ठेव.

तुझा,
उदय